हातचं राखून

मंगळवारी रात्री गाडीला मी चारशे दहावर निजवलं.
बुधवारी सकाळी ती तीनशे अठ्ठावीसवर उठली.
मधे काही झालं नाही. म्हणजे,
आल्टामध्ये तरी काही झालं नाही.
बर्फसुद्धा पडला नव्हता.
पडद्यावर एक ओळ होती:
तुमची गाडी आता अद्ययावत आहे.

मी पियानो सुरात लावते. एकतीस वर्षं झाली.
शाळांचे, चर्चचे,
आणि एका दंतवैद्याच्या दारातला,
जो कोणी वाजवत नाही, पण सुरात हवा असतो.
तार उतरते हे मला कोणी शिकवायला नको.
पण तार उतरते ती कलाकलानं,
हिवाळ्यागणिक,
खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून.
सगळ्या दोनशेतीस तारा
एका रात्रीत, एकाच मापानं उतरल्या
तर मी लाकडाला दोष देणार नाही.
मी विचारीन, चावी कोणाकडे आहे?

फोनवरचा मुलगा फार गोड बोलला.
ब्रेदे नाव त्याचं.
म्हणाला, आस्लाउग, हे बॅटरीच्या भल्यासाठी आहे.
आता ती थोडं हातचं राखून चालेल.
जास्त वर्षं टिकेल.
मी म्हटलं, तारा सैल सोडल्या
तर पियानोही शंभर वर्षं टिकतो.
तो हसला नाही.
त्यानं नोंद घेतली.

कौतोकेइनोला जाऊन येऊन दोनशे साठ किलोमीटर.
उणे अठ्ठावीसच्या थंडीत
नव्या आकड्याचे उरतात दोनशे अठ्ठेचाळीस.
बारा कमी.
ऑगस्टमध्ये बारा किलोमीटर मी
दलदलीतली पिवळी बोरं खात चालत गेले असते.
जानेवारीत, सूर्य अजून उगवायलाच तयार नसताना,
बारा किलोमीटर हा आकडा नसतो.

शाळेचा पियानो झाला. मधला 'फा' रुसला होता, मानला.
बाहेर दोन चार्जर, एक बंद.
रांगेत मासळीच्या व्हॅनवाला सिगब्यर्न,
त्याच्यामागे गुरांची डॉक्टर राउना.
दवाखान्याच्या बाकावर रक्तदाबाचे आकडे सांगावेत
तसे आम्ही एकमेकांना सांगितले.
माझे सत्तर गेले.
माझे ब्याऐंशी.
माझे किती गेले मी बघितलंच नाही, राउना म्हणाली,
बघून काय करू?
चोरी हा शब्द कोणी काढला नाही.
जाताना दिसलंच नाही
त्याला इतका जड शब्द कसा लावायचा.

दोन तास थांबायचं की हीटर बंद करून निघायचं?
मी निघाले.
काच आतून गोठत गेली. खरवडत राहिले,
एक हात चाकावर, एका हातात
ग्रंथालयाचं कार्ड.
मागच्या ट्रकनं दिवे मारले, मारू दे.

मासीपाशी क्लेमेतच्या गोठ्यात दिवा होता.
गोठा कसला, आता त्यात बर्फावरची स्कूटर असते.
त्यानं काही विचारलं नाही, वायर ओढून आणली.
साधा भिंतीतला प्लग.
बारा किलोमीटरला दीड तास लागेल म्हणाला,
कॉफीला तेवढा लागतोच.
मग दुसरा कप ओतताना,
गाडी तुझीच आहे ना?
हो.
पैसे फिटले?
फिटले, दोन वर्षं झाली.
तो पुढं काही बोलला नाही. साखर पुढं केली.

मधेच बाहेर जाऊन बघितलं.
पडद्यावर नवी ओळ: आणखी एक सुधारणा तयार आहे.
खाली दोन बटणं. आत्ता. आज रात्री.
नको असं बटण कुठं आहे ते
मी हातमोजा काढून शोधलं.
बोटं पांढरी झाली.

अंधारात वायर गुणगुणत होती,
'सोल'पेक्षा चिमूटभर चढी.
आख्खा देश याच सुरात गुणगुणतो, सवय असते कानाला.
तरी खिशातल्या चावीवर हात गेला माझा.
गेला, आणि तिथंच राहिला.